शनीला चंद्र किती?
मुलांना ग्रंथांतून शोध घ्यायला शिकवताना

'एका ग्रहाची माहिती लिहून आणा.' पाचवी-सहावीच्या वर्गात हा प्रकल्प वर्षातून एकदा तरी येतोच. मग बहुतेक घरांत काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. संध्याकाळी अब्बा नाहीतर भाईजान स्टेशनरीच्या दुकानातून सूर्यमालेचा तक्ता आणतात, किंवा झेरॉक्सवाल्याकडून दोन रंगीत पाने काढून घेतात. अम्मी कात्री आणि डिंक घेऊन बसते. अक्षर चांगले यावे म्हणून मथळाही तीच लिहिते. तोवर मूल झोपलेले असते. सकाळी प्रकल्प दप्तरात जातो, बाईंची सही होते, आणि वर्ष संपले की तो रद्दीत. ग्रहाविषयी मुलाला काय कळले, हे कोणी विचारत नाही.

आमच्या घरी सहावीतल्या लेकीला हाच प्रकल्प मिळाला, तेव्हा आम्ही ठरवले की या वेळी तो तिनेच करायचा, आणि पुस्तकांतून करायचा. मोबाइलशी आमचे वैर नाही. पण अकरा-बारा वर्षांचे मूल मोबाइलवर काही शोधते, तेव्हा पहिले जे उत्तर येईल तेच शेवटचे ठरते. ते कोणी लिहिले, कधी लिहिले, कशावरून लिहिले, हे विचारायची सवय त्याला लागत नाही. पुस्तकाचे तसे नसते. त्याला लेखक असतो, साल असते, पान असते. दोन पुस्तके शेजारी उघडी ठेवता येतात, आणि दोन्ही वेगळे सांगत असतील तर तो फरक बोटाने दाखवता येतो. शोध घेणे म्हणजे काय, हे मुलाच्या हाताला कळायला पुस्तकासारखे साधन नाही.

ग्रह हा त्यासाठी फार सोयीचा विषय आहे. माहिती भरपूर, पण हाताबाहेर जाईल इतकी नाही. आकडे आहेत, इतिहास आहे, आणि रात्री गच्चीवर जाऊन जे वाचले ते डोळ्यांनी पाहताही येते. लेकीने शनी निवडला. कारण विचारले तर म्हणाली, "त्यालाच कडी आहेत ना!" शोधाची सुरुवात करायला एवढे कारण पुष्कळ झाले.

आधी प्रश्न, मग पुस्तक

पुस्तक उघडण्याआधी वहीच्या एका पानावर तीन रकाने पाडायचे. पहिल्यात 'मला काय माहीत आहे', दुसऱ्यात 'मला काय जाणून घ्यायचे आहे', आणि तिसऱ्यात 'कुठून कळले'. तिसरा रकाना सुरुवातीला कोराच असतो, पण सगळा जीव त्यातच आहे.

दुसऱ्या रकान्यातले प्रश्न मुलाचेच असले पाहिजेत. आम्हाला वाटले होते की ती 'शनीचा व्यास किती' असे काही लिहील. तिने लिहिले: कडी कशाची आहेत? ती खाली का पडत नाहीत? शनीला चंद्र किती? तिथे दिवस किती तासांचा? आणि शेवटचा प्रश्न: शनी वाईट असतो का? हा शेवटचा प्रश्न खोडावा असे घरातल्या कोणाला वाटेल. खोडू नये. मुलाच्या मनात जे खरोखर आहे, त्याच्या मागे ते आपल्या पायांनी जाते. बाकीचे त्याला ओढत न्यावे लागते.

एक नियम आम्ही सुरुवातीलाच घातला. प्रत्येक प्रश्नाला निदान दोन पुस्तकांची साक्ष हवी. एका पुस्तकातून मिळालेले उत्तर पेन्सिलीने लिहायचे, दुसऱ्याने दुजोरा दिला की पेनाने.

वाचनालयात गेल्यावर

महाराष्ट्रात तालुक्याच्या बहुतेक गावांत शासनमान्य सार्वजनिक वाचनालय असते. त्यात संदर्भ विभाग म्हणून एखादे कपाट असतेच. तिथले ग्रंथ घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून वाचावे लागतात. मुलांच्या दृष्टीने ही उलट सोय आहे. समोर फक्त पुस्तक आणि वही. पुस्तकांच्या पाठीवर दशांश पद्धतीचे आकडे असतील, तर खगोलशास्त्र ५२० पासून सुरू होते आणि ग्रह-ताऱ्यांची पुस्तके ५२३ मध्ये मिळतात. हे एकदा मुलाला दाखवले की पुढच्या वेळी ते ग्रंथपालाला न विचारता थेट त्या फळीपाशी जाते. त्या वेळचा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

मराठी विश्वकोशाचे खंड अकारविल्हे लावलेले आहेत. म्हणजे 'शनि' शोधायला वर्णमालेचा क्रम यायला हवा. इंग्रजी अक्षरांचा क्रम आजची मुले झोपेतही म्हणतात, पण 'य, र, ल, व' नंतर काय येते म्हटले की अडखळतात. आमच्या लेकीने 'स' चा खंड काढला आणि मग पाने उलटी चाळत 'श' पर्यंत मागे आली. पाच मिनिटे गेली, पण तेवढ्यात ती वर्णमाला शिकली. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. आपण बोलताना 'शनी' म्हणतो, कोशात 'शनि' असते. एका स्पेलिंगने सापडले नाही तर दुसऱ्याने पाहायचे, आणि कोशाच्या पहिल्या पानांवर वर्णक्रमाच्या ज्या सूचना असतात त्या आधी वाचायच्या.

इथे दादीची मोठी मदत झाली. लेकीने घरी येऊन शनीचे वर्णन वाचून दाखवले, तेव्हा दादी म्हणाल्या, "अगं, हा तर जुहल. आमचे अब्बाजान दाखवायचे." मग त्यांनी उतारिद, जोहरा, मिर्रीख, मुश्तरी आणि जुहल अशी पाचही नावे एका दमात सांगितली: बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. लेकीच्या वहीत तीन भाषांच्या नावांचा तक्ता तयार झाला. हा नुसता गमतीचा भाग नाही. शोध घेणाऱ्याला एका वस्तूची जितकी नावे माहीत, तितकी दारे त्याला उघडतात. इंग्रजी ग्रंथात 'सॅटर्न' पाहावे लागते, उर्दू किताबात 'जुहल'. अल-बिरुनीने अकराव्या शतकात हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, त्यात इथल्या ग्रहांच्या आणि राशींच्या नावांसाठी एक वेगळे प्रकरणच दिले आहे. दुसऱ्याच्या ज्ञानात शिरायचे तर आधी त्याचे शब्द शिकावे लागतात, हे त्याने ओळखले होते. त्यासाठी तो संस्कृत शिकला.

पुस्तकाच्या पुढची अनुक्रमणिका आणि मागची सूची यांतला फरकही मुलांना कोणी सांगत नाही. अनुक्रमणिका म्हणजे घराच्या खोल्या, सूची म्हणजे कोणती वस्तू कोणत्या फडताळात आहे त्याची यादी. सूर्यमालेच्या एका इंग्रजी ॲटलासची सूची चाळताना लेकीला 'बगदाद' दिसले. आकाशाच्या पुस्तकात बगदाद कशाला, म्हणून पान उघडले. शनीचा एन्सेलाडस नावाचा एक लहान, बर्फाने झाकलेला चंद्र आहे. त्याच्या दक्षिण ध्रुवापाशी चार लांब भेगा आहेत आणि त्यांची नावे बगदाद, दमास्कस, कैरो आणि अलेक्झांड्रिया अशी आहेत. त्याच चंद्रावरच्या विवरांना अल्लादीन, अलीबाबा, सिंदबाद अशी नावे दिली आहेत. तिथली सगळी नावे 'अरेबियन नाइट्स'मधून घ्यायची, असे खगोलशास्त्रज्ञांनी ठरवले आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांमुळे मराठी वाचक ज्यांना 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' म्हणून ओळखतात, त्याच या कथा. त्या भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उडतात, हे २००५ साली कॅसिनी यानाने दाखवून दिले. हे सारे सूचीतल्या एका अनपेक्षित शब्दामुळे हाती आले.

पुस्तक मिटा, मग लिहा

माहिती सापडली की मूल पहिली गोष्ट काय करते? उतरवून काढते. 'शनी हा सूर्यापासूनचा सहावा ग्रह असून त्याचे विषुववृत्तीय...' असे वाक्य वहीत येते आणि 'विषुववृत्तीय म्हणजे काय गं?' विचारले तर गप्प. म्हणून आमचा दुसरा नियम: परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचे, जे समजले ते आपल्या शब्दांत सांगायचे आणि मग लिहायचे. आकडे आणि नावे मात्र पुस्तक पुन्हा उघडून तपासायची.

आकड्यांत एक खड्डा नेहमी असतो. इंग्रजी पुस्तकांत अंतर मिलियन आणि बिलियनमध्ये असते, काही जुन्या पुस्तकांत मैलांत. सूर्यापासून शनीचे सरासरी अंतर एका पुस्तकात ८८.६ कोटी होते, दुसऱ्यात सुमारे १४३ कोटी. लेक घाबरून म्हणाली, "एवढी मोठी चूक?" चूक नव्हती. पहिले मैल होते, दुसरे किलोमीटर. पाटीवर १.६ ने गुणून पाहिले आणि जमले. आकड्याला एकक नसेल तर तो आकडा अर्धाच, हा धडा गणिताच्या तासाला कितीही वेळा सांगितला तरी असा पटत नाही.

मोठ्या आकड्यांना मुलाच्या ओळखीचे मापही द्यावे. शनीचा विषुववृत्तावरचा व्यास सुमारे १,२०,५०० किलोमीटर आहे, पृथ्वीचा १२,७५६. म्हणजे साडेनऊ पृथ्व्या ओळीने ठेवल्या तर एक शनी. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो, शनीपर्यंत पोहोचायला जवळजवळ एक तास वीस मिनिटे. आणि शनीचे एक वर्ष म्हणजे आपली साडेएकोणतीस वर्षे. हे वाचल्यावर लेकीने हिशेब केला की दादी शनीवर राहत असत्या तर त्यांचे वय अजून तीनही झाले नसते. दादींना तो हिशेब फार आवडला.

पुस्तके भांडू लागतात तेव्हा

आता 'शनीला चंद्र किती?' या प्रश्नाकडे येऊ. सगळ्या प्रकल्पात आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला तो हाच.

शाळेच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकात सतरा. रद्दीवाल्याकडून आणलेल्या इंग्रजी बालकोशात अठरा. वाचनालयातल्या एका पुस्तकात तीस. शेजारच्या मुलाकडच्या नव्या पुस्तकात ब्याऐंशी. लेकीने सगळे पेन्सिलीने लिहिले आणि वैतागून म्हणाली, "अम्मी, यांतले खरे बोलणारे कोण?"

आम्ही उत्तर दिले नाही. प्रत्येक पुस्तकाचे शीर्षकपान उलटायला लावले. त्याच्या मागच्या बाजूला प्रकाशनाचे साल असते. तिने आकड्यासमोर साल लिहिले आणि सालाप्रमाणे यादी पुन्हा लावली. आणि ते भांडण एका गोष्टीत बदलले. १९८० आणि १९८१ साली व्हॉयेजर याने शनीजवळून गेली, त्यानंतरच्या पुस्तकांत सतरा. १९९० साली त्याच यानांच्या जुन्या छायाचित्रांत आणखी एक चंद्र सापडला, म्हणून अठरा. २००० साली पृथ्वीवरच्या मोठ्या दुर्बिणींनी एकदम बारा शोधले, म्हणून तीस. २०१९ साली ब्याऐंशी. २०२३ साली संख्या एकशे चाळीसच्या पलीकडे गेली. मार्च २०२५ मध्ये १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि एकूण २७४ झाले. नव्याने सापडलेले बहुतेक अवघे काही किलोमीटर रुंदीचे आहेत. दुसरीकडे टायटन हा शनीचा सर्वांत मोठा चंद्र बुध ग्रहापेक्षाही मोठा आहे.

कोणतेही पुस्तक खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाने आपल्या काळापर्यंतचे सांगितले होते. म्हणून वहीत 'शनीला २७४ चंद्र आहेत' असे न लिहिता 'मार्च २०२५ पर्यंत शनीचे २७४ चंद्र मान्य झाले आहेत' असे लिहिले गेले. वाक्य थोडे लांबले, पण ते दहा वर्षांनंतरही खरेच राहील.

दिवसाच्या लांबीत मात्र वेगळाच पेच निघाला. एका पुस्तकात दहा तास चौदा मिनिटे, दुसऱ्यात दहा तास एकोणचाळीस मिनिटे, तिसऱ्यात दहा तास तेहेतीस मिनिटे. इथे नुसते साल पाहून भागत नाही. शनीला घट्ट जमीन नाही, तो वायूंचा गोळा आहे. विषुववृत्तावरचे ढग लवकर फिरतात, त्यांची फेरी मोजली तर पहिला आकडा येतो. व्हॉयेजरने शनीच्या रेडिओ लहरी मोजल्या, त्यांवरून दुसरा आला. कॅसिनीने कड्यांत उठणाऱ्या लाटांची नोंद केली, त्यावरून २०१९ साली तिसरा काढला गेला, आणि आतल्या भागाच्या फिरण्याचा आज तोच अधिक विश्वासाचा मानतात. म्हणजे दोन पुस्तके वेगळी बोलत असतील तर आधी हे पाहावे की दोघांना प्रश्न तरी एकच विचारला आहे का.

आणखी एक प्रकार आहे. 'शनी पाण्यात तरंगेल' हे वाक्य तिला चार पुस्तकांत मिळाले, जवळजवळ त्याच शब्दांत. नियमाप्रमाणे दोन साक्षी झाल्या होत्या, म्हणून ती पेन उचलणार, इतक्यात आम्ही विचारले, "या चौघांनी वेगवेगळे पाहिले आहे, की एकाचे ऐकून बाकीच्यांनी सांगितले?" एकमेकांची नक्कल करणारे चार साक्षीदार हे चार नसतात, एकच असतो. मग एका मोठ्या ग्रंथात मुळातली गोष्ट सापडली. शनीची सरासरी घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.६९ ग्रॅम आहे, पाण्याची एक. तेवढेच पक्के. त्याला बुडवण्याएवढा समुद्र कुठेच नाही, आणि वायूचा गोळा चेंडूसारखा तरंगणारही नाही. लेकीने लिहिले: 'शनीची घनता पाण्यापेक्षा कमी आहे.' तरंगण्याचे चित्र तिने समासात काढले, आणि खाली लिहिले, 'ही कल्पना'.

ही रीत आपल्या घरचीच

साक्षीदार कोण, तो कधीचा, त्याने कोणाकडून ऐकले, हे विचारणे आपल्याला परके नाही. हदीसच्या प्रत्येक मोठ्या संग्रहात मजकुराआधी सनद येते: अमक्याने तमक्याकडून ऐकले, त्याने अमक्याकडून. एकेका रावीचे चारित्र्य, स्मरणशक्ती, त्याची आणि त्याच्या उस्तादाची भेट खरोखर होऊ शकत होती का, हे तपासणारे एक मोठे शास्त्र उलेमांनी उभे केले. दहा रिवायती जर मागे जाऊन एकाच माणसापाशी मिळत असतील, तर त्यांचे वजन दहाचे धरायचे नाही, हेही त्यांनीच शिकवले. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमी आली की आधी तिची शहानिशा करा, अजाणतेपणी कोणाचे नुकसान करून पस्तावू नका, असा हुकूम आहे. आपण ती आयत भांडणतंट्याच्या वेळी आठवतो. मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावरही ती तितकीच लागू आहे.

आम्ही लेकीला वहीचा तिसरा रकाना समजावताना म्हटले, "ही तुझ्या माहितीची सनद." तिला ते लगेच समजले, कारण मकतबात तो शब्द तिने ऐकला होता. विश्वकोशातल्या नोंदींखाली लेखकाचे नाव आणि त्याने वापरलेल्या ग्रंथांची यादी असते. ती पाहून ती म्हणाली, "यांनी पण सनद दिली आहे!"

आणि आदर म्हणजे डोळे मिटणे नव्हे, हेही आपल्याच बुजुर्गांनी दाखवले आहे. इब्न अल-हैसम टॉलेमीला मोठा मानत असे, तरीही टॉलेमीच्या ग्रंथांत कुठे विसंगती आहे हे दाखवणारे एक स्वतंत्र पुस्तक त्याने लिहिले. मुलाने मोठ्या माणसाच्या पुस्तकात शंका काढली तर त्याला उद्धट ठरवू नये. शंका कशावरून आली, एवढेच विचारावे.

साडेसातीचे काय?

शेवटचा प्रश्न राहिलाच होता: शनी वाईट असतो का? 'साडेसाती मागे लागली' हे आपण मराठी बोलणारे सगळेच म्हणतो, आपल्या घरांतही म्हणतात. शब्द कुठून आला, हे पुस्तकांनीच सांगितले. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. आकाशाच्या पट्ट्यात बारा राशी. भागाकार केला की एका राशीत सुमारे अडीच वर्षे. ज्योतिषात आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन राशी धरतात: तीन अडीचके साडेसात. शनैश्चर या शब्दाचा अर्थच मुळी हळूहळू चालणारा. म्हणजे हिशेब खरा आहे, तो ग्रहाच्या चालीचा आहे. त्या चालीने कोणाचे लग्न मोडते की दुकान बुडते, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही.

शेजारच्या कोणाच्या श्रद्धेची थट्टा करायची नाही, हे आम्ही तिला बजावले. त्याबरोबर एक प्रसंगही सांगितला. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे लहानगे साहेबजादे इब्राहिम यांचे निधन झाले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की हे ग्रहण त्या दुःखामुळेच आहे. बापाच्या काळजावर घाव असतानाही प्रेषितांनी (स.) लोकांना स्पष्ट सांगितले की सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मृत्यूने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. सोयीची पडणारी चुकीची समजूतही त्यांनी राहू दिली नाही.

खोट्याचा आधार नको

हा शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. गेली कित्येक वर्षे आपल्या मोहल्ल्यांत, आणि आता मोबाइलवर, एक गोष्ट फिरते आहे: नील आर्मस्ट्राँग चंद्रावर गेला, तिथे त्याने अजान ऐकली आणि तो मुसलमान झाला. ऐकायला बरे वाटते, म्हणून पुढे पाठवले जाते. पण शनीचे चंद्र मोजलेल्या मुलाने हे ऐकले तर तो काय विचारील? चंद्रावर हवा नाही, तर आवाज कशातून गेला? हे सांगणारा कोण, त्याने कोणाकडून ऐकले? आर्मस्ट्राँग स्वतः काय म्हणाला? त्याने या गोष्टीचा इन्कार केला होता, आणि १९८३ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या वकिलातींना तसे लेखी कळवलेही होते.

आपल्या दीनला असल्या टेकूची गरज नाही. उलट धोका दुसराच आहे. आज ज्या मुलाला आपण ही गोष्ट दीनचा पुरावा म्हणून सांगतो, ते उद्या कॉलेजात जाईल, खरे काय ते त्याला कळेल, आणि तेव्हा त्याचा विश्वास त्या गोष्टीवरूनच उडेल असे नाही, सांगणाऱ्यावरूनही उडेल. आणि जी सवय आपल्याला गोड लागणारी अफवा पुढे पाठवते, तीच सवय उद्या आपल्याच गल्लीवर उठलेली वाईट अफवाही पुढे पाठवते. ज्या समाजाला अफवेची किंमत मोजावी लागली आहे, त्याने तरी आपल्या मुलांना बातमीची सनद मागायला शिकवलेच पाहिजे.

ज्यांच्या घरी पुस्तके नाहीत

कोणी म्हणेल, हे शिकलेल्यांच्या घरचे चोचले आहेत. तसे नाही. विश्वकोश वाचनालयात मोफत बसून वाचता येतो. रद्दीच्या दुकानात जुने ॲटलास आणि बालकोश वजनावर मिळतात, आणि वर दिल्याप्रमाणे जुने पुस्तक या कामाला निरुपयोगी नसते. नव्याच्या शेजारी ठेवले की तेच शिकवते. मोठ्या भावा-बहिणींची बालभारतीची भूगोल-विज्ञानाची पुस्तके फेकू नका. 'नऊ ग्रह' म्हणणारे एखादे जुने पुस्तक मिळाले तर उत्तमच. २००६ साली प्लूटोला ग्रहांच्या यादीतून का वगळले, हा पुढचा शोध त्यातून निघतो.

अम्मी किंवा दादी फार शिकलेल्या नसल्या तरी बिघडत नाही. त्यांना उत्तर माहीत असण्याची गरज नाही. 'हे कुठे लिहिले आहे, बेटा? दाखव बरं,' एवढे विचारता आले की पुरे. आणि वाचनालयात मुलगे जातात तशा मुलीही जाऊ द्या. सुरुवातीला घरातले कोणी सोबत गेले की ग्रंथपाल ओळखू लागतात, आणि मग तिची स्वतःची जागा तिथे तयार होते.

शेवटी पुस्तक मिटून आकाशही दाखवावे. २०२५ च्या नोव्हेंबरात शहरातल्या हौशी आकाशनिरीक्षकांनी एका मैदानावर दुर्बीण लावली होती. लेक उत्साहाने रांगेत उभी राहिली, दुर्बिणीला डोळा लावला आणि हिरमुसली. पुस्तकात रुंद झगमगती कडी, आणि इथे गोळ्यातून आरपार गेलेली सुईएवढी रेघ. घरी येऊन तिने स्वतःहून पुस्तक उघडले. साधारण दर पंधरा वर्षांनी शनीची कडी आपल्या दृष्टीला आडवी धारेवर येतात, आणि त्या वर्षी तीच वेळ होती. लाखो किलोमीटर पसरलेली ही कडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच जाड आहेत, म्हणून धारेवरून दिसेनाशी होतात. १६१० साली गॅलिलिओला शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी दिसले, आणि १६१२ साली ते नाहीसे झाले तेव्हा तोही चक्रावला. ती कडी आहेत हे हॉयगेन्सने १६५९ साली छापून सांगितले. ती अखंड थाळी नसून असंख्य सुट्या कणांची आहेत, म्हणून तुटून पडत नाहीत, प्रत्येक कण आपापला शनीभोवती फिरत असतो, हे मॅक्सवेलने १८५९ साली गणिताने दाखवले.

लेकीने प्रकल्पात दोन चित्रे काढली. एक पुस्तकातल्या शनीचे, एक तिने पाहिलेल्या शनीचे. दुसऱ्याखाली तारीख घातली आणि तिसऱ्या रकान्यात लिहिले: 'मी स्वतः'.